तेराशे बारानंतरच्या पट्ट्या

वर्तमानपत्रातल्या जुन्या चित्रपट्ट्या जमवणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. याचं पुढे काय करणार, आणि बायको काही बोलत नाही का? जुळाऱ्याला बायको नव्हती, आणि पुढे काय करणार याचा विचार त्याने एकाहत्तर वर्षांत केला नव्हता. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवण्यात हयात गेली म्हणून सगळे त्याला जुळारीच म्हणत. मोठी बहीण तेवढी अजून छोट्या म्हणायची.

त्याचा सगळा जीव एकाच मालिकेत होता, 'तांबड्या ताऱ्यापलीकडे'. वाट चुकलेल्या यानातला एकटा कप्तान रोज रेडिओवरून पृथ्वीवरच्या बहिणीशी बोलतो, एवढीच गोष्ट. पण लहानपणी या भावंडांनी तिच्यापायी ताटातलं जेवण थंड केलं होतं. रोज तीन चौकटी. तेराशे बाराव्या पट्टीत कप्तानाला पृथ्वी दिसली आणि दुसऱ्या दिवशी ते सायंदैनिकच बंद पडलं. त्याला सत्तावन्न वर्षं झाली, तरी ताईच्या मनातून ते गेलं नव्हतं.

गेल्या महिन्यात ताईच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. घरी कधी सोडणार हे डॉक्टर सांगत नव्हते, आणि जुळारीही विचारायला धजत नव्हता.

"बाकी काही राहिलं नाही रे," ताई एकदा पडल्या पडल्या म्हणाली. "तो पोचला का, तेवढं कळायला हवं होतं."

त्यानंतर चारच दिवसांनी रद्दीवाल्याच्या ढिगात तळाशी त्याला ती वही सापडली. सात पानं, प्रत्येक पानावर खळीने चिकटवलेली एक पट्टी. पहिलीच्या कोपऱ्यात क्रमांक होता तेराशे तेरा. शेवटच्या पट्टीवर तेराशे एकोणीस.

कोणीतरी केलेली नक्कल, असं त्याने स्वतःला बजावलं. मग भिंग लावून पाहिलं. मूळ चित्रकार कप्तानाचा डावा कान नेहमी अंमळ मोठा काढायचा. इथेही तो मोठा होता. शाईच्या रेषेची थरथरसुद्धा तीच. जुळाऱ्याचं मन पेपर आला की खिडकीशी धावणाऱ्या पोरासारखं झालं होतं.

असली कात्रणं जमवणाऱ्यांची एक पद्धत असते. कापताना तारीख उडालेली असते, म्हणून पट्टी उलटी करून पाठ वाचायची. पाठीवर अर्धीमुर्धी बातमी असते, तिच्यावरून दिवस शोधायचा. म्हणूनच जुळारी पट्ट्या कधी चिकटवत नसे, कागदी कोपऱ्यांत अडकवून ठेवायचा. चिकटवणाऱ्यांना तो कसाई म्हणे. आता त्या कसायाची करणी निस्तरायची म्हणजे पट्टीवर ओलसर टिपकागद ठेवायचा, खळ सैल होईपर्यंत थांबायचं आणि बोथट सुरीने ती हलकेच सोडवायची. रोज सकाळी एक, यापेक्षा जास्त घाई करून चालणार नव्हतं.

पहिल्या पट्टीच्या पाठीवर मोठ्या पाण्याच्या टाकीची नळवाहिनी फुटल्याची आणि वाचनालयात पाणी शिरल्याची बातमी होती. अक्षरं शिशाच्या खिळ्यांची. बोटाला त्यांचा दाब लागत होता. असं कोणी छापायचं बंद होऊन तीस वर्षं उलटली होती. तारीख शोधायला जुळारी वाचनालयात गेला, जुने अंक चाळले, पण असं काही सापडलं नाही. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "इथे पाणी? छे, इथे तर प्यायलासुद्धा मिळत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर ताजं वर्तमानपत्र उघडलं, तर तीच बातमी होती, शब्दन् शब्द तसाच. नळवाहिनी आदल्या संध्याकाळी फुटली होती.

तो बराच वेळ दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बसला. मग टिपकागद भिजवायला उठला.

दुसऱ्या पट्टीच्या पाठीवर न्यायालयाजवळच्या पुलाची दुरुस्ती. तिसरीवर शाळकरी धावपटूचा विक्रम. दोन्ही बातम्या ज्या त्या दुसऱ्या दिवशी छापून आल्या. आज सोडवलेली पट्टी उद्याचं सांगते, एवढं त्याला कळलं. कसं, ते कळलं नाही. गंमत म्हणजे त्याची झोप काही उडाली नाही. उलट सकाळ कधी होते असं त्याला होऊन जाई.

दुपारी चार वाजता तो रुग्णालयात जाऊन ताईला त्या दिवसाची पट्टी वाचून दाखवायचा. यानातला प्राणवायू कमी झाला, कप्तानाने रेडिओ जोडला, पृथ्वी चौकटीभर मोठी झाली. ताईच्या गालांवर रंग दिसू लागला.

"पाठीमागे काय आहे रे?" तिने एकदा विचारलं. ती काही कच्ची नव्हती.

"जाहिराती," तो म्हणाला.

सहाव्या पट्टीची पाठ जवळजवळ कोरी निघाली. अगदी खालच्या कडेला एक जाड काळी रेघ आणि तिच्याखाली एकच शब्द होता, 'निधनवार्ता'. त्याच्या खाली कात्री चालली होती.

त्याच दिवशी ताईला ताप भरला.

जुळारी पायऱ्या चढून वर गेला आणि काचेतून तिला झोपलेली पाहून परत फिरला. सातवी पट्टी सोडवायची नाही, हे त्याने जिन्यातच ठरवलं. पाठ वाचली नाही तर काही होणार नाही, असं त्याला वाटत नव्हतं. पण ताईचं नाव त्या काळ्या रेघेखाली आपल्या डोळ्यांनी वाचायची ताकद त्याच्यात नव्हती. वही आहे तशी नेऊ, शेवट वाचून दाखवू, संपलं.

सकाळी वही उघडली तर शेजारच्या पानाची ओल लागून सातव्या पट्टीचा एक कोपरा सुटला होता.

तो कोपरा त्याने चहा होईपर्यंत पाहिला. चहा झाल्यावरही पाहिला.

शेवटी उठून त्याने खळ शिजवली. उभ्या आयुष्यात कधी कात्रण चिकटवलं नव्हतं, त्यामुळे किती लावायची याचा अंदाज नव्हता. कोपरा उचलून त्याने आत भरपूर खळ सारली आणि तळव्याने पट्टी दाबून बसवली.

जुना कागद खळीने भिजला की पारदर्शक होतो, हे कुठल्याही कसायाने त्याला सांगितलं असतं.

चित्रांच्या मधून पाठीची अक्षरं हळूहळू वर आली. ती उलटी होती. दुसऱ्या कोणाला ती वाचता आली नसती. पण खिळे उलटेच असतात, आणि जुळाऱ्याने पंचवीस वर्षं उलटंच वाचलं होतं. नजर वळवायच्या आत वाचून झालं.

नावाची ओळ कात्रीत गेली होती. पुढे होतं: 'यांचे काल सायंकाळी आकस्मिक निधन झाले. निवृत्त जुळारी असलेले हे गृहस्थ एकाहत्तर वर्षांचे होते. त्यांच्या पश्चात एक मोठी बहीण आहे.'

त्याने ते पुन्हा वाचलं. मग खुर्चीत बसला आणि त्याला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. ताई राहणार होती.

बाकीचं त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

चारला तो रुग्णालयात पोचला. ताप उतरला होता. ताई उशीला टेकून बसली होती.

"उद्या घरी सोडतायत," ती म्हणाली. "न्यायला किती वाजता येतोस?"

"बघू," तो म्हणाला, आणि वही उघडली. पट्टी वाळून पुन्हा नुसती चित्रं उरली होती.

त्याने वाचून दाखवलं. यान शेतात उतरलं. कप्तान पायवाटेने चालत निघाला. घराचं दार उघडलं.

"म्हणजे पोचला," ताईने सुस्कारा सोडला.

"पोचला."

तिने चष्मा लावला, वही स्वतःकडे ओढून घेतली आणि शेवटची चौकट डोळ्यांजवळ धरली. कितीतरी वेळ ती पाहत राहिली.

"अरे छोट्या," ती म्हणाली, "दारात तर नुसती बहीणच उभी आहे. तो कुठे दिसत नाही."