चौदावी चाचणी

दुकानात चार्जर एकच उरला होता आणि गिऱ्हाइकं होती दोन.

दार ढकललं होतं तिनं. पण मागून येणाऱ्या माणसासाठी ते धरून ठेवून "या ना" म्हणायची अवदसा तिला आठवली आणि तो पहिला आत शिरला. चांगुलपणा हा असा अंगाशी येतो.

"या मॉडेलचा एवढाच आहे," काउंटरवर खोललेल्या लॅपटॉपातून मान वर न करता दुकानदार म्हणाला. "जुनं मॉडेल. नवा माल दहा दिवसांनी."

"तुम्ही घ्या," तो तिला म्हणाला.

"नको, पहिले तुम्ही आलात."

"तुम्ही दार धरलंत म्हणून."

"तरी नको." मग तिला राहवलं नाही. "तसं काम माझंही अडलंय हो. म्हणजे अडवलंय… एका माणसानं. अकरा चुका काढल्यात मेल्यानं!"

त्यानं तिच्या हातातल्या लॅपटॉपकडे पाहिलं. झाकणावर एक स्टिकर होता – डोळे मिटून हसणारा, जरा तिरपा फ्रिज. तो पाहून त्या माणसाच्या चेहऱ्याचा रंगच बदलला.

"बारा," तो हळूच म्हणाला.

"काय बारा?"

"बारा चुका. एक आज सकाळी वाढवली…"

आता तिनं त्याच्या लॅपटॉपकडे पाहिलं. झाकणावर काटे फुलवून बसलेलं साळिंदर होतं. हेच साळिंदर गेला आठवडाभर रोज सकाळी तिच्या पडद्यावर नावाऐवजी उगवत होतं आणि खाली एकेक काटा सोडून जात होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. धरणीनं काही मनावर घेतलं नाही. साळिंदर मात्र हसलं… आणि हसल्यावर त्याच्या डाव्या गालावर खळी पडत होती, ही माहिती कुठल्याच सूचनेत दिलेली नव्हती.

तिला घरीदारी सगळे धाकटी म्हणत. तिच्या कंपनीत माणसं दोनच, मावशी आणि ती, तेव्हा धाकटी कोण हे सांगायला नको. मावशीनं तीस वर्षं रक्तपेढीत काढलेली. दर दोन तासांनी उठायचं, फ्रिजचं तापमान बघायचं, वहीत लिहायचं. एका सुट्टीच्या दिवशी फ्रिज बंद पडला आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत चाळीस पिशव्या रक्त वाया गेलं. त्या चाळीस पिशव्या मावशी विसरली नाही. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी भाचीला समोर बसवून म्हणाली, "धाकटे, फ्रिजवर नजर ठेवणारं काहीतरी बनव. माझा डोळा लागला तरी त्याचा लागता कामा नये." भाचीनं दोन वर्षं खपून ते ॲप लिहिलं. तिरपा फ्रिज मावशीनं स्वतःच्या हातानं काढला.

आता शहरातलं सगळ्यात मोठं रुग्णालय ते घ्यायला तयार होतं, पण एका अटीवर. मोठ्या संस्थांकडे शेकडो कॉम्प्युटरना एकत्र कामाला जुंपणारी कुबरनेटिस नावाची व्यवस्था असते. तिच्यावर बसवायची ॲप्स एका कॅटलॉगात मांडलेली असतात. आवडलं ते निवडा, बटण दाबा, ॲप बसलं. रुग्णालयाच्या कॉम्प्युटरप्रमुखांनी स्पष्ट सांगितलं होतं, "कॅटलॉगात दिसलं तर घेऊ. नाहीतर दुसऱ्यांचं घेऊ."

आणि कॅटलॉगात जायचं तर कॅटलॉगाचं भागीदार व्हायचं आणि ॲपचं पॅकेज, म्हणजे बसवायला तयार असा गठ्ठा, सादर करायचा. मग एक परीक्षक ते कोऱ्या व्यवस्थेवर बसवून बघतो, सोळा चाचण्या घेतो आणि सगळ्या भागीदारांना वाचता येईल अशा उघड्या पानावर शेरे लिहितो. या खेपेचं दार बंद व्हायचं होतं त्या दिवसापासून तिसऱ्या शुक्रवारी, संध्याकाळी पाचला. पुढचं उघडणार सहा महिन्यांनी. तोवर कोण थांबतंय?

"भांडण संपलं असेल तर," दुकानदार म्हणाला, "चार्जर कुणाला बांधू?"

"दोघांना," धाकटीच्या तोंडून निघून गेलं.

असं ठरलं. तो घरूनच काम करायचा, ती मावशीच्या जेवणाच्या टेबलावरून. सकाळी चार्जर तिच्याकडे, दुपारी एकनंतर त्याच्याकडे आणि सकाळी आठला परत तिच्याकडे. देवघेव पोस्टाच्या पायऱ्यांवर, कारण ते दोघांच्याही वाटेत पडत होतं.

"एक मात्र आहे," तो म्हणाला. "पॅकेजविषयी त्या पानाबाहेर एक शब्द बोलायचा नाही. नियम आहे."

"मग बोलायचं काय?"

"…बाकी सगळं."

बाकी सगळं म्हणजे पुष्कळच निघालं! पहिल्या दिवशी ती पाच मिनिटं थांबली. चौथ्या दिवशी चाळीस. वारा सुटलेला असायचा, पोस्टासमोरच्या झाडाची पिवळी फुलं दोघांच्या केसांत पडायची आणि ती काढून द्यावीत की नाही, या विचारात दोघांचंही बोलणं मध्येच तुटायचं…

ती चार्जरची वायर पिशवीत कोंबून आणायची. तो ती शांतपणे सोडवायचा, पुन्हा नीट गुंडाळायचा.

"शेऱ्यांसारखीच गुंडाळता हो. एकही टोक सुटत नाही."

"पॅकेजविषयी बोलताय."

"छे! वायरविषयी."

"गरम आहे अजून," चार्जर तळहातावर तोलत तो म्हणायचा.

"असणारच. सकाळपासून राबतोय माझ्याकडे. तुमच्याकडे नुसता आराम असतो त्याला."

"माझ्याकडे असला की तो सकाळी आठच्या सुमाराला फार बेचैन होतो म्हणे."

"चार्जर?"

"…दुसरं कोण?"

धाकटी त्या दिवशी घरी आली तेव्हा मावशीनं चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "डोक्यात फूल कसलं गं?" धाकटीनं वाऱ्यावर ढकललं. मावशीनं "हं" म्हटलं. मावशीच्या "हं"मध्ये सगळं येतं.

उघड्या पानावर मात्र साळिंदर साळिंदरच होतं. बारा चुकांच्या सतरा झाल्या. ती एकेक दुरुस्त करत गेली. चाचण्यांपुढे बरोबरच्या खुणा उमटू लागल्या – नऊ, अकरा, तेरा… शेवटच्या बुधवारी चौदावीपुढे खूण पडली तेव्हा तिनं मावशीला गच्च मिठी मारली. उरल्या दोनच!

गुरुवारी सकाळी पायऱ्यांवरून चार्जर घेऊन आल्यावर ती पान उघडून बसली. चौदावीपुढची खूण गायब होती. खाली साळिंदराचा शेरा होता.

"काय लिहिलंय? वाच मोठ्यानं," मावशी म्हणाली.

धाकटीनं वाचलं. "'चौदाव्या चाचणीपुढे मी काल ती चाचणी न करताच बरोबरची खूण केली. हिनं केलंय म्हणजे बरोबरच असेल, असं मला वाटलं. परीक्षकाला असं वाटता कामा नये. या पॅकेजच्या कर्तीबद्दल मी तटस्थ राहिलेलो नाही. कृपया दुसरा परीक्षक द्यावा. निकाल लागेपर्यंत मी कर्तीला भेटणार नाही.'"

"अगं," मावशीनं चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला, "हा राजीनामा आहे की प्रेमपत्र?"

"उद्या पाचला दार बंद होतंय, मावशी! नवा परीक्षक पहिल्यापासून सुरू करणार! एवढा खरेपणा परवा सुचला असता तर काय बिघडलं असतं?" तिचा संताप संताप होत होता. गाल तापले होते. आणि त्या तापलेल्या गालांखाली एक वेडं हसू वर यायची धडपड करत होतं, त्याचा तर तिला अधिकच राग येत होता. शेऱ्याखाली भागीदारांनी लाल बदामांची रांग लावली होती. एकतीस बदाम! साऱ्या जगात बोभाटा.

एक वाजता ती पायऱ्यांवर गेली. तो नव्हताच. चार्जर मात्र तिच्या पिशवीत होता. मग हा माणूस काम कशावर करणार? राग आपल्या जागी, पण कुणाचं काम अडवायचं म्हणजे… ती तडक दुकानात गेली.

"हे त्यांना द्याल का? आले तर."

"त्यांना कशाला?" दुकानदार म्हणाला. "त्यांनी नवा नेला की. माल आला त्याच दिवशी. तुम्ही नेलात, त्यानंतर तासाभरात."

धाकटीनं चार्जर पुन्हा पिशवीत टाकला. आठवडाभरापूर्वी नवा चार्जर तिनंही नेला होता. खोक्यातून न काढता कपाटात साड्यांमागे लपवला होता आणि दुसऱ्या दिवशी एक वाजता जुना घेऊन मुकाट्यानं पायऱ्यांवर गेली होती. तोही आला होता. "माल अजून आला नाही वाटतं," तिनं म्हटलं होतं. "नाही ना," तो डोळ्याची पापणी न लववता म्हणाला होता.

लबाड! ती घरी आली ती रस्ताभर एकटीच हसत.

शुक्रवारी सकाळी दहाला पानावर नवा परीक्षक आला. आली, म्हणायचं. भागीदारांमध्ये तिला चाळणी म्हणत, कारण तिच्यातून खडा म्हणून निसटत नसे. बाई फार बोलत नव्हत्या. एक, दोन, तीन… खुणा पडत होत्या. मावशी टेबलाशी बसून पुटपुटत मोजत होती. अडीच वाजता बाई चौदाव्या चाचणीवर आल्या आणि थांबल्या.

"नापास," त्यांनी लिहिलं. "ॲप काढून टाकल्यावर त्याचा पासवर्ड व्यवस्थेत मागे राहतो. कुणाच्याही हाती लागेल. रुग्णालयात हे चालणार नाही."

म्हणजे त्यानं खूण तशीच ठेवली असती तर… उद्या कुणीतरी तो पासवर्ड उचलून फ्रिजचे आकडे बदलले असते. मावशीच्या चाळीस पिशव्या धाकटीच्या डोळ्यांसमोर आल्या. तिचा राग जागच्या जागी विरघळला. या माणसानं तिला खूश करायचं सोडून तिचं काम वाचवलं होतं, आणि ते करताना स्वतःचं हसं करून घेतलं होतं, चारचौघांत!

"होईल ना गं?" मावशीनं विचारलं. तिचा आवाज एवढासा झाला होता.

"होईल. तू फक्त बोलू नकोस."

मावशी दोन तास बोलली नाही. हा घरातला विक्रम होता. धाकटीची बोटं भराभर चालली. एकदा चुकलं. दुसऱ्यांदा चुकलं. तिसऱ्यांदा ॲप काढलं, मागे शोधलं… काही नाही. स्वच्छ! चार वाजून बारा मिनिटांनी तिनं नवी आवृत्ती पाठवली आणि हात मांडीखाली दाबून बसली.

चार छत्तीसला चौदावीपुढे खूण पडली. मग पंधरावी. मग सोळावी.

"स्वीकृत," चाळणीनं लिहिलं.

मावशीनं कॅटलॉग उघडला. ओळीनं मांडलेल्या चकचकीत चित्रांमध्ये तिचा तिरपा फ्रिज डोळे मिटून हसत होता. तिनं पडद्यावर बोट ठेवलं, उचललंच नाही. "आता लागू दे माझा डोळा," ती म्हणाली आणि पदरानं चष्मा पुसायला लागली.

पाचला पान कायमचं बंद होणार होतं. नऊ मिनिटं उरली होती. धाकटीनं मावशीकडे पाहिलं.

"लिही, लिही," मावशी म्हणाली. "एकतीस जण ताटकळलेत."

धाकटीनं लिहिलं, "कर्तीही तटस्थ नाही. पहिल्या दिवसापासून नव्हती. साळिंदरानं नोंद घ्यावी."

लाल बदामांचा नुसता पाऊस पडला. चार एकोणसाठला चाळणीचा शेवटचा शेरा आला. "परीक्षकानं व कर्तीनं पुढचं बोलणं पानाबाहेर करावं. पान बंद करत आहे. अभिनंदन, दोन्हीबद्दल."

धाकटीनं पिशवी उचलली, चपला उलटसुलट घातल्या, जिन्यात परत सुलट केल्या आणि पळत सुटली.

तो पायऱ्यांवर होता. उभा, बसलेला, परत उभा. तिला पाहिल्यावर खळी पडली आणि पडलेलीच राहिली.

"बंदी उठली," तो म्हणाला. "पॅकेजविषयी आता बोलता येईल."

"मग बोला."

"…मला पॅकेजविषयी काहीच बोलायचं नाही."

"मग?"

"तुम्ही मला आवडता. फार. चाचणी न करता सांगतोय."

"मलाही तू," ती म्हणाली. "मेल्या, सतरा चुका काढल्यास, तरी."

तिनं पिशवीतून चार्जर काढून पुढे केला. वायर नेहमीसारखी गुंतलेली होती. "हा घे. एक केव्हाच वाजून गेलाय."

"माझ्याकडे नवा आहे."

"माहीत आहे. माझ्याकडेही आहे."

"माहीत आहे."

दोघंही हसायला लागले. झाडावरून एक फूल सुटलं आणि तिच्या कपाळाशी, केसांत अडकलं. या वेळी त्यानं विचार केला नाही. हात पुढे करून ते काढलं आणि आपल्या खिशात टाकलं. मग तिच्याशेजारी पायरीवर बसून तो ती वायर सोडवायला लागला. चार्जर तळहातावर घेतला, क्षणभर तसाच धरून ठेवला.

"गरम आहे अजून," तो म्हणाला. "उद्या सकाळी आठला आणून देतो."