उंबरठ्याचे खिळे

ही घडलेली गोष्ट आहे. पटली तर पटली, पण ज्याच्या घरात घडली तो सुनिल माझा मावसभाऊ, आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही. गाव आटगाव, तालुका शहापूर. दिवाळी नुकतीच सरली होती.

आणि रात्र नव्हती. टळटळीत दुपार होती...

सुनिलची मुलगी भाविका पावसाळ्यात शेताच्या बांधावरून घसरली आणि पाय मोडून बसली. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण पोरगी पाय जमिनीला टेकवेना. डॉक्टरांनी बजावलं, आता चालली नाही तर पायात जोर राहणार नाही. आईने समजावलं, बापाने डोळे वटारले. ती भिंतीला धरून नुसती रडायची. एकुलती एक पोर, सुनिलच्या घशाखाली घास उतरेना.

मग त्याला तो नाचाचा गेम सापडला. पडद्यावर बाण सरकत येतात आणि गाण्याच्या ठेक्यावर खालच्या पाटावरचा तोच बाण पायाने दाबायचा. सुनिल फॅब्रिकेशनवाला, तो कशाला विकत घेतोय? प्लायवूडचा चौकोन कापला. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे असे चार बाण रंगवले. प्रत्येक बाणाखाली दोन पत्रे, मध्ये फोमची पट्टी. पाय पडला की पत्र्याला पत्रा टेकतो आणि जुन्या की-बोर्डची वायर लॅपटॉपला ते कळवते.

पहिल्या दिवशी भाविकाने एकच बाण दाबला. पुढे हळूहळू चारही. सुनिल मागच्या दारी जाऊन डोळे पुसून आला.

पण ती उड्या मारायला लागली तसं प्लायवूड मधे दबू लागलं. खाली भक्कम लाकूड हवं होतं. टोकावड्याला त्याच्या चुलत्यांचं, भिमाकाकांचं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधत होते. तिथल्या मातीच्या ढिगावर सागाचा उंबरठा पडलेला दिसला. काका घरी नव्हते. घरचंच लाकूड, त्यात विचारायचं काय, म्हणून त्याने तो बाइकला बांधून आणला.

उंबरठ्यात खिळे होते. जाडजूड, लोहाराच्या हातचे, एका रांगेत पार डोक्यापर्यंत ठोकलेले...

लाकूड चिरायचं तर आधी खिळे काढायचे, नाहीतर करवतीचं पातं जातं. कुठलाही कारागीर हेच करेल. सुनिलने पकडीने एकेक खिळा उपटला आणि डब्यात टाकला. उंबरठ्याच्या पट्ट्या काढून पाटाखाली स्क्रूने आवळल्या.

पाट एकदम टणक झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको रानात गेली होती. भाविका आतल्या खोलीत झोपलेली. सुनिल जेवत होता. लॅपटॉप चालू, पाट रिकामा...

टक्.

मागचा बाण पडद्यावर उजळला.

मग... पुढचा.

पत्रा चिकटला असेल म्हणून त्याने पाट उघडून पाहिला. फोम जागच्या जागी, पत्र्यांमध्ये फट नीट. मग त्याच्या लक्षात आलं. मागचा बाण दाराच्या बाजूला होता आणि पुढचा आतल्या खोलीच्या. तो तिथेच बसून राहिला. उलट आवाज येईल, पुढचा आणि मग मागचा, म्हणून दिवेलागणीपर्यंत कान देऊन बसला.

आला नाही.

दारात कायम पसरलेला कुत्रा त्या दिवसापासून दाराशी फिरकला नाही.

आठवड्याभराने सुनिल तिचा खेळ बघत बसला होता. भाविकाचे दोन्ही पाय पुढच्या बाणावर होते आणि डावा बाण बरोबर ठेक्यावर दाबला गेला. त्याने गाणं बंद करून तिला विचारलं.

"ती दाबते," भाविका म्हणाली. "माझा पाय दुखला का ती टाकते पाय. माझ्या मागं उभी र्‍हाते ना, बाबा."

सुनिल एक खिळा खिशात घालून तसाच टोकावड्याला गेला. भिमाकाकांनी तो खिळा बघताक्षणी ओळखला. त्यांची पहिली बायको बुधी त्याच घरात बाळंतपणात गेली होती. मुलगी झाली, तीही जगली नाही. त्यानंतर रोज भरदुपारी दाराशी पावलं वाजायची... लेकीला शोधणारी. ती आत येऊ नये म्हणून, भगताने सांगितलं तसे, उंबरठ्यात खिळे काकांनी स्वतःच्या हातांनी ठोकले होते.

"माझ्याच बायकोला मी भायेर ठेवली रे," काका म्हणाले आणि लहान पोरासारखे रडले.

सुनिल म्हणाला, आज घरी जाऊन माझ्या उंबरठ्यात हेच खिळे ठोकतो.

काकांनी त्याचा हात धरला.

"आता ठोकून काय करशील, सुन्या? ती आत हाय. मंग जाईल कुठून?"

सुनिलने पाट मोडला. पट्ट्या टोकावड्याला नेऊन टाकल्या. लॅपटॉपही विकला.

परवा मी आटगावला गेलो होतो. भाविकाचा पाय अगदी बरा झालाय. घरभर धावते, उड्या मारते. मी अंगणात उभा राहून खाऊची पुडी दाखवली. ती पळत दारापर्यंत आली... आणि उंबरठ्याशी थांबली.

मागे वळून तिने हळूच विचारलं, "जाऊ?"

घरात तेव्हा कोणीच नव्हतं. सुनिल माझ्याशेजारी उभा होता, तिची आई विहिरीवर.

भाविकाने थोडा वेळ ऐकल्यासारखं केलं. मग मान हलवली आणि आत निघून गेली.

सुनिल म्हणाला, महिना झाला, पोरगी बाहेर आलेली नाही. उचलून आणली तर श्वास कोंडतो, परत आत नेली की हसते. खिळ्यांचा डबा फळीवर तसाच आहे. मी तिथून निघालो तेव्हा तो डब्याकडेच बघत होता.