हॉबर्टचा खालचा सूर

केंटकीच्या डोंगरात, ब्लॅक फोर्क नावाच्या ओढ्यावरच्या कड्यावर, एका रेडिओ स्टेशनची बसकी इमारत होती. वर्लीन कॉम्ब्स तिथून रोज सकाळी ब्लूग्रासची, म्हणजे तिथली डोंगरी लोकगाणी लावायची, खालच्या खोऱ्यातल्या लोकांशी गप्पा मारायची. त्या दिवशी बाहेर कडक हिव पडलं होतं. तिनं नुसत्या फिडलची, डोंगरी व्हायोलिनची, एक लांबलचक रेकॉर्ड लावली, कॉफी ओतून घेतली, तोच फोन वाजला.

"पोरी, कान तृप्त झाले बघ," म्हातारी ओपल आयसन म्हणाली. "हॉबर्ट परत आला, आणि कुणाला सांगितलंसुद्धा नाहीस?"

हॉबर्ट हा वर्लीनचा थोरला भाऊ; पूर्वी दोघं मिळून गायची. खाण बंद पडली तेव्हा कामासाठी ओहायोला गेला, तो गेलाच. ना फोन, ना निरोप. त्याची वाट बघता बघता आई गेली. वर्लीननं त्यानंतर इतरांची गाणी लावली, पण स्वतः कधी गायली नाही.

"मावशी, तुम्ही ऐकताय तरी काय?"

"तुम्हा दोघांचं गाणं, दुसरं काय? आता माझे कान तपासतेस होय?"

म्हातारीचं वय झालंय, असं म्हणून वर्लीननं फोन ठेवला. पाठोपाठ पाद्री टॅकेटचा आला. "हॉबर्टला म्हणावं, रविवारी चर्चमध्ये ये. खालचा सूर अजून तस्साच लावतो गडी."

काचेपलीकडे प्रसारणाच्या यंत्रांपाशी तिचा सहकारी क्लेल बसला होता.

"क्लेल, आत्ता रेडिओवर काय जातंय?"

"तूच लावलंयस ते. फिडल."

"कुणी गात नाहीये?"

क्लेलनं तिच्याकडे निरखून पाहिलं. "बरं नाही का वाटत तुला?"

कुणीतरी आपल्या रेडिओलहरीत घुसून जुनी टेप वाजवतंय, तिनं मनाशी ठरवलं. कोट चढवून ती बाहेर आपल्या पिकअपमध्ये जाऊन बसली. दार ओढून घेतलं, रेडिओ लावला.

तिचाच आवाज होता. त्याच्याखाली हॉबर्टचा, जाड, थोडा मागे रेंगाळणारा.

पण टेप कसली? हे गाणं तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. आणि दोन्ही आवाज पिकलेले होते, आजच्या वयाचे.

मग गाणं थांबलं. हॉबर्ट हसला. "वर्लीन गाडीत येऊन बसलीय," तो म्हणाला.

"बसू दे," तिचा आवाज म्हणाला. "चल, पुढचं कडवं घे."

वर्लीनचा हात बटणाकडे गेला आणि तसाच राहिला.

"हॉबर्ट," ती हळूच म्हणाली, "आहेस कुठं तू?"

तो गाऊ लागला.

शेजारच्या रिकाम्या सीटसमोर काचेवर वाफ धरली. तो ओळीअखेर थांबला की विरायची, पुढची ओळ उचलली की पुन्हा धरायची.

वर्लीनला धाप लागली होती. तिनं काचेला नाक टेकवून जोरात श्वास सोडला. पुन्हा सोडला.

तिच्या बाजूची काच स्वच्छच राहिली.