लंगोट वाळेपर्यंत

डायपरची पिशवी फाटली ती नेमकी त्याच्या बुटांवर.

पाळणाघराच्या मागच्या दारातून तिथली ताई ती दोन्ही हातांनी ओढत होती आणि लाँड्रीवाला चादरींचं गाठोडं न्यायला आत येत होता. बावीस बाळांचा दिवसभराचा ऐवज पायरीवर पसरला. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मात्र नाक न मुरडता खाली वाकला आणि एकेक उचलू लागला.

"रोज एवढे?"

"रोज. आपण दोघं म्हातारे होऊ, तरी हे कुठेतरी जसेच्या तसे पडलेले असतील."

'आपण दोघं' तोंडातून निसटलं आणि तिची कानशिलं तापली. त्याने ऐकलंच नाही असं दाखवलं... पण हसला.

त्यातूनच कापडी लंगोटांची कल्पना निघाली. पाळणाघराच्या बाईंनी बजावलं, महिनाअखेरीस पालकांना पटवून दे. नाही पटलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. मग तीन आठवडे ताई रोज दुपारी नमुन्याचे लंगोट घेऊन लाँड्रीत जायची. ते वाळेपर्यंत दोघं ड्रायरच्या गोल काचेसमोर स्टुलांवर बसायची. कुठलं कापड किती धुण्यांत विरतं ते तो सांगायचा. कुठलं बाळ कुणावर रुसलंय ते ती. पाळणाघरातल्या मावशीने एकदा तिला निघताना न्याहाळलं आणि विचारलंच, "लंगोट धुवायला काजळ लागतं होय गं?"

पालकांच्या बैठकीत ताईने कचऱ्याच्या वजनाचे आकडे मांडले. एका बाळाच्या बाबांनी तिच्यासोबत आलेल्या लाँड्रीवाल्यालाच थेट विचारलं, याने खरंच पर्यावरणाचं भलं होतं का? होकार आला तर काम त्यालाच मिळणार होतं. ताईने निर्धास्तपणे त्याच्याकडे पाहिलं.

त्याने तिची नजर चुकवली.

"उकळत्या पाण्यात धुऊन ड्रायरमध्ये वाळवले तर... फारसं नाही," तो म्हणाला. "कचरा वाचतो, पण गॅस आणि वीज खूप जाते. उन्हात वाळवले आणि एका बाळाचे पुढच्या बाळाला वापरले, तर होतं."

खोलीत कुजबुज उठली. ताईने आकड्यांचा कागद उलटा ठेवला. बाईंनी बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाल्या, गच्ची रिकामीच आहे, महिनाभर उन्हात वाळवून बघू. नाही जमलं तर डायपर आहेतच.

ताईने त्याला जिन्यात गाठलं.

"तीन आठवडे तो ड्रायर फिरताना बघत बसलो आपण. तेव्हा तोंडाला कुलूप होतं?"

तो हातातल्या गाठोड्याची गाठ उगाच सोडत-बांधत राहिला.

"पहिल्याच दिवशी सांगणार होतो. पण उन्हात वाळवा म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही कशाला आला असता... माझ्याकडे?"

वर कुठलंसं बाळ रडायला लागलं, मग गप्प झालं. चारचौघांत तोंडघशी पाडलं होतं त्याने तिला. आणि स्वतःचं अर्धं काम घालवून खरं बोलला होता. ताईचा राग जातही नव्हता, टिकतही नव्हता.

"उद्या सकाळी गच्चीवर दोऱ्या बांधायच्यात," ती शेवटी म्हणाली. "माझा हात पुरत नाही."

"येतो. आणि... बांधून झाल्यावर?"

ती दोन पायऱ्या चढली, थांबली. वळली मात्र नाही.

"रोज या," ती म्हणाली. "काम नसलं तरी."