शनिवारी पाचच्या आत

पंख्याखालच्या खुर्चीवर रुमाल होता. निळ्या चौकटीचा, घडी घालून ठेवलेला... आणि माणसाचा पत्ता नाही. सात रस्त्याजवळच्या आमच्या अभ्यासिकेत हे रोजचंच होतं. सकाळी सहाला यायचं, चांगल्या खुर्चीवर रुमाल टाकायचा आणि निवांत चहाला निघून जायचं. त्या सोमवारी माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. रविवार घरी काढून केमहून पहिल्या गाडीनं उभ्यानं आले होते, बाहेर पावसाची भुरभुर, ओढणी भिजलेली. मी रुमाल उचलून शेजारच्या टेबलावर ठेवला आणि बसले.

"ओ मॅडम... तितं रुमाल होता की."

मी वर बघितलंच नाही. "रुमाल बसणार आहे का डॉक्टरकीच्या परीक्षेला?"

"न्हाय... मी बसणार हाय."

"मग तुम्ही यायचं होतं. त्याला कशाला पाठवलं?"

आता भांडण होणार म्हणून मी कंबर कसून तयार होते. पण तो हसला! रुमाल घेतला, माझ्या ओढणीतून वहीवर ठिबकलेलं पाणी त्यानं टिपलं आणि म्हणाला, "वही भिजायली तुमची. बसा." आणि भिंतीकडच्या खुर्चीवर जाऊन बसला, जिथं पंख्याचं वारंसुद्धा पोचत नाही. मला इतका राग आला त्याचा... भांडायला तयार बसलेल्या माणसाला असं एकटं सोडून जातात का?

त्याचं नाव बसवराज. सगळे बसू म्हणायचे. कुंभारीला विडी कामगारांच्या वसाहतीत राहायचा. घरी तो आणि त्याची आई, शरणम्मा. वडील तो लहान असतानाच गेले. शरणम्मांनी जन्मभर विड्या वळल्या, आणि आता त्यांना एका डोळ्यानं अजिबात दिसत नव्हतं, दुसऱ्यानं सगळं धूसर. बसू पहाटे स्वयंपाक करायचा, आईच्या डोळ्यात औषध घालायचा आणि मग अभ्यासिकेत यायचा. परीक्षेला तिसऱ्यांदा बसत होता.

"ही शेवटची," तो म्हणायचा. "यंदा न्हाय झालं तर कुटंतरी कामाला लागायचं. आई अजून किती दिस वाट बघंल?"

मी दुसऱ्यांदा बसत होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, केमला कुंकवाच्या कारखान्यात कामाला. मी सोलापुरात दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहायचे. मला फिजिक्स जमायचं, त्याला बायोलॉजी. मग काय, महिन्याभरात आमच्या खुर्च्या शेजारी आल्या, आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"माझ्याकडं काय बघतोस रे?"

"घड्याळ बघायलोय. तुझ्या मागं हाय."

"घड्याळ कालपासून बंद आहे."

तो कानापर्यंत लाल व्हायचा, आणि मला दिवसभर बरं वाटायचं. त्याच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असायची. त्यातली निम्म्याहून जास्त मीच खायचे. एकदा म्हणाला, "माझ्या एकट्याचा डबा हाय त्यो." मी म्हटलं, "मग उद्यापासून दोघांचा आण." दुसऱ्या दिवशी खरंच दोघांचा आला. "घरी काय सांगितलंस?" मी विचारलं. "सांगितलं... भूक वाढलीया."

आम्ही एकमेकांना काही म्हणजे काही बोललो नव्हतो. पण भरपावसात त्याची बस चुकली की माझा जीव खालीवर व्हायचा, आणि मला ताप आला तेव्हा तो खोलीच्या दाराशी गोळ्या ठेवून, दार वाजवून पळून गेला होता. एवढं सगळं असून न कळायला मी काही दुधखुळी नव्हते.

निकाल लागला. मला त्याच्यापेक्षा चाळीस मार्क जास्त. आणि मग एकाच आठवड्यात मला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. देशपातळीच्या यादीतून जोधपूरचं मोठं कॉलेज, आणि राज्याच्या यादीतून आमचं सोलापूरचं सरकारी कॉलेज. बसूचं पहिल्या फेरीत कुठंच लागलं नाही.

"आजून फेऱ्या हायत की," तो म्हणाला. "फॉर्मात लई कॉलेजं टाकलीत मी. कुटंतरी लागंल."

मी विश्वास ठेवला. माझ्या डोक्यात माझंच चाललं होतं. दहावी-बारावीचे, जातीचे, रहिवासाचे मूळ कागद एकच संच. जिथं जमा केले तिथं तुम्ही अडकलात. सोलापूरला शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत कागद द्यायचे, नाहीतर ती जागा पुढच्या फेरीत दुसऱ्याला जाणार. जोधपूरची मुदत सोमवारची. पण शनिवारी गाडीत बसलं तरच सोमवारी पोचणार. म्हणजे काय ते शनिवारी ठरवायचं.

आई म्हणाली, एवढ्या लांब पोरीला कसं धाडायचं? गावातले शहाणे म्हणाले, जोधपूर सोडणं म्हणजे लक्ष्मी दारात आली आणि ही तोंड धुवायला गेली. मला तर एकाच माणसाचं ऐकायचं होतं.

"बसू, मी कुठं जाऊ?"

त्यानं पुस्तक मिटलं. "तुजं तू बघ."

दुसऱ्या दिवशी विचारलं, तेच. तिसऱ्या दिवशी विचारलं, तेच! मग मात्र माझा तोल गेला. "मेथी आणू का शेपू, असं नाही विचारत मी! माझ्या आयुष्याचं विचारतेय. तुला काहीच वाटत नाही?"

"तुज्या आयुष्याचं हाय, म्हणूनच..." एवढं बोलून तो उठला आणि गेला. दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत आलाच नाही. मी दिवसभर दाराकडं बघत होते, आणि दर वेळी दुसराच कुणीतरी यायचा.

गुरुवारी मी ठरवून टाकलं. सोलापूर. का, तर मला बसू जिथं आहे तिथं राहायचं होतं, बाकी सगळी कारणं मी नंतर जमवली. अण्णांना फोन केला, "शनिवारी कागद घेऊन या." मग बसूला फोन केला.

"बरं झालं," तो म्हणाला. "आईअण्णांच्या जवळ ऱ्हाशील."

मी थांबतेय याचा त्या आवाजात एवढासाही आनंद नव्हता. मी फोन ठेवला आणि उशीत तोंड खुपसून रडले. म्हटलं, उत्कर्षाबाई, तुम्हीच आपल्या मनाचे मांडे खात होता.

शुक्रवारी संध्याकाळी अभ्यासिकेचे मालक जोतिरामकाका यादी भिंतीवर लावत होते. दर वर्षी ते पूर्ण यादी छापून लावतात आणि आपल्या पोरांची नावं लाल पेननं रंगवतात. "तुझ्या हातानं रंगव ये," म्हणाले. मी माझं नाव रंगवलं आणि सहज खाली बघत गेले. आमच्या प्रवर्गात सोलापूरची शेवटची जागा गेली होती तीन हजार नऊशे तेराव्या नंबरला. त्याच्या खाली, तीन हजार नऊशे चौदा — बसवराज मडिवाळप्पा.

"ह्या पोराचं नशीब बघ," काका म्हणाले. "एकच कॉलेज टाकलं पठ्ठ्यानं, सोलापूर. मी म्हटलं, आरं, तीस टाक. लोक गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत टाकतात. म्हणला, आईला असं टाकून कुटं जाऊ? आता सोलापूरची एक जागा सुटली की लागला बघ त्यो. न्हाय सुटली तर गेलं वर्ष... आन् पुन्हा काय बसायचा न्हाय त्यो."

लाल पेन माझ्या हातातच राहिलं. सुटू शकणारी एक जागा माझ्या नावावर होती, आणि उद्या पाचच्या आत मी ती पक्की करणार होते. आठ दिवस मी त्याच्याच तोंडून 'थांब' वदवून घ्यायला बघत होते, त्याच्याच जागेवर!

शनिवारी सकाळी सातला मी कुंभारीत होते. बसू दारातल्या नळावर घागर भरत होता. मला बघून त्यानं नळ बंद केला. आतून शरणम्मांनी कन्नडमध्ये विचारलं, "यार बंदार?" — कोण आलंय?

"तीन हजार नऊशे चौदा," मी म्हणाले.

त्यानं मान खाली घातली. "काकांनी सांगितलं?"

"तू का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? जा म्हणलो असतो तर तुजी जागा मागितल्यागत झालं असतं. आन् थांब म्हणलो असतो तर..."

"तर काय?"

"तर माज्यासाठी तुला जोधपूर सोडायला लावल्यागत. मग कोणत्या तोंडानं बोलू?"

"मला ते नकोय. तुला काय हवं होतं, ते सांग."

तो घागरीच्या काठावरून बोट फिरवत राहिला. "मला तू हितं पायजे होतीस, उत्कर्षा," तो म्हणाला. "लई पायजे होतीस. कॉलेज गेलं खड्ड्यात... रोज दिसली असतीस तरी पुरं होतं. म्हणून तर तोंड उघडलं न्हाय. उघडलं असतं तर हेच भाईर आलं असतं."

वर्षभर जे ऐकायला मी कान टवकारून बसले होते, ते असं नळावर, घागरीशेजारी ऐकलं. मला त्याचा हात धरायचा होता. मी धरला नाही, कारण तो लगेच म्हणाला, "तू सोलापूरच घे. माज्यासाठी जागा सोडलीस तर मी घेणार न्हाय ती. आईची शपथ."

अस्सा राग आला! हा माणूस स्वतःचं तर काही मागत नव्हताच, मला द्यायचीही सोय ठेवत नव्हता. आता एकच वाट उरली होती.

"तुझ्यासाठी?" मी म्हणाले. "कोण समजतोस स्वतःला? मला पहिल्यापासून जोधपूरच हवं होतं. घरचे नको म्हणत होते म्हणून अडले होते. आणि तू तरी जा म्हणशील म्हणून तुझ्या मागं लागले होते."

"खोटं."

"बघ माझ्याकडं. खोटं वाटतंय?"

तो बघत राहिला, आणि मी पापणी हलू दिली नाही. ते साफ खोटं होतं. मला सोलापूर हवं होतं. तो हवा होता, पंख्याखालची भांडणं हवी होती, संध्याकाळी सात रस्त्यावर बस येईपर्यंत त्याच्याशेजारी उभं राहणं हवं होतं. पण रोज पांढरा कोट घालून मी कॉलेजात गेले असते, आणि तो कुठल्यातरी दुकानात गोळ्या मोजत उभा राहिला असता... ते मला बघवलं नसतं.

"जाते मी," म्हणाले. "गाडी आहे." आणि वळले. वसाहतीच्या कोपऱ्यापर्यंत मागं बघितलं नाही.

अण्णा कॉलेजच्या फाटकाशी कागदांची पिशवी छातीशी धरून उभे होते. मी म्हटलं, "अण्णा, जोधपूरला जायचंय."

"परवा तर सोलापूर म्हणलीस."

"आता जोधपूर म्हणतेय."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. "मग रडायलीस कशापायी?"

"लांब आहे म्हणून."

अण्णांना काय कळलं, काय नाही, देव जाणे. त्यांनी पिशवी माझ्या खांद्याला अडकवली. "लांब हाय, पण कागद तुजं हायती," म्हणाले. "चल, गाडी गाठू."

केमला गाडी दोन मिनिटं थांबली. आई कपड्यांची बॅग आणि लाडवांचा डबा घेऊन फलाटावर होती. डबा तिनं खिडकीतून आत दिला. गाडी सुटली तेव्हा पाचला चार मिनिटं होती. मी फोनवरचं घड्याळ बघत राहिले. पाच वाजले. अण्णा शेजारी डुलक्या घेत होते, आणि मी ओढणी तोंडात कोंबून रडत होते.

तीन आठवड्यांनी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, फोन आला.

"लागलं," बसू म्हणाला. "आत्ता कागद जमा करून आलो."

"छान झालं," मी एवढंच म्हटलं.

"तू खोटं बोल्लीस, उत्कर्षा."

"मग कशी घेतलीस जागा? शपथ होती ना आईची?"

"आईनंच सोडवली. समदं ऐकलं होतं तिनं आतनं. म्हणली, माज्या नावाची शपथ हाय न्हवं? सुटली म्हणते मी, जा, कागद दे." मग तो हळूच म्हणाला, "उत्कर्षा... लई आठवण येती गं."

"मला पण," मी म्हणाले. "मला पण, बसू."

पलीकडं खुडबुड झाली आणि शरणम्मांचा आवाज आला. त्यांच्याशी मी आजवर एक शब्द बोलले नव्हते.

"पोरी, डोळ्यानं दिसत न्हाय मला, पर आवाज कळतो. त्या दिशी खोटं बोलताना तुजा आवाज कसा कापत होता, ते ह्या येड्याला न्हाय कळलं, मला कळलं. माज्या लेकाला लई मोठं दिलंस तू. मी विड्या वळणारी बाई... तुला काय देऊ, सांग?"

कुठून धीर आला कुणास ठाऊक! "मग बसूच द्या की मला," मी म्हणाले.

तिकडं बसूला जोराचा ठसका लागलेला ऐकू आला. शरणम्मा मात्र हसल्या नाहीत.

"साडेपाच वर्सं हायत म्हणं तुमची," त्या म्हणाल्या. "तवर मी संबाळते त्याला. डॉक्टरीन होऊन ये, आन् ने. येशील न्हवं?"

"व्हय," मी म्हणाले. "येते."