हद्दीबाहेरचं चित्र

भर दुपारची गोष्ट आहे, म्हणून तर कुणाला पटत नाही. बायको कामावर गेली होती. ठमी, म्हणजे आमची सात महिन्यांची लेक, शेजारच्या खोलीत झोपली होती आणि पाळण्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्र माझ्या संगणकावर येत होतं. मी नेहमीसारखा लष्कराच्या भाकऱ्या भाजत बसलो होतो. व्हिडिओ उलगडून दाखवणारा एक फुकट, सगळ्यांना खुला प्रोग्रॅम आम्ही चार-पाच हौशी माणसं सांभाळतो. त्यात सुरक्षेचं भोक असल्याचं कुणीतरी निनावी कळवलं होतं, सोबत पुरावा म्हणून एक फाईल.

असं होतं. फाईल आपली लांबी खोटी सांगते, प्रोग्रॅम भाबडेपणाने हद्दीपुढे वाचत जातो आणि मेमरीत शेजारी पडलेलं भलतंच काही दाखवतो. त्यामुळे फाईल उघडल्यावर ठमीचा पाळणा दिसला तेव्हा मला हसूच आलं. कॅमेऱ्याचं चित्र शेजारीच तर होतं.

मग पाळण्यावर वाकलेली बाई दिसली.

मी धावलो. खोलीत कुणी नव्हतं, खिडकीला आतून कडी. फक्त ओल्या लाकडाचा वास येत होता... परत येऊन पाहतो तर कॅमेऱ्यात पाळण्यातली ठमी एकटीच, फाईलमध्ये मात्र बाई. तिने पांघरूण ठमीच्या गळ्यापर्यंत ओढलं. कॅमेऱ्यातलं पांघरूणही सरकलं.

ठमीला उचलून आणलं आणि अण्णांना फोन लावला. आमच्यातले सगळ्यात जुने जाणकार तेच.

"अण्णा, ही चूक नुसती वाचण्याचीच ना? बाहेरचं काही बदलत नाही ना?"

ती फाईल त्यांच्याकडेही आली होती, ते तपासत राहिले. "नाही रे... ही हद्दीबाहेर लिहितेय. बुजव आधी!"

फाईल बंद होईना. चित्रातली बाई रिकाम्या पाळण्याशी क्षणभर थांबली, मग चौकटीबाहेर गेली. रडणाऱ्या ठमीला मांडीवर घेऊन, छातीशी टेकवून मी दोन्ही हातांनी लांबी तपासणारी ओळ लिहिली. प्रोग्रॅम पुन्हा चालवला. पडदा काळा झाला.

"बुजलं," अण्णा म्हणाले. "आता तिकडून काही येणार नाही."

"आणि आधीच आलेलं...?"

ठमी रडायची थांबली. माझे दोन्ही हात अजून कीबोर्डवरच होते. तिच्या पाठीवर कुणीतरी हळूहळू थोपटत होतं.