प्लायच्या भिंतीपलीकडे

हसू नका, पोरांनो. माझ्या सख्ख्या भाच्याच्या बाबतीत घडलंय हे.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता, हॉस्टेलवर राहायचा. शेवटच्या पेपरच्या आदल्या रात्री, साडेअकराला, त्याच्या खुर्चीचा पाय मोडला. रेक्टर म्हणाले, "शेजारची खोली रिकामीच आहे. तिथली घे, कुलूप लाव नि किल्ली मला आणून दे."

शेजारची खोली मुनीची. बोलायचा कमी म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. महिन्यापूर्वी तो परीक्षा न देताच बॅग उचलून मध्यरात्री घरी निघाला, आणि हमरस्त्यावर ट्रकनं त्याला उडवलं.

भाच्यानं खाली मान घालूनच खुर्ची उचलली. का, ते सांगतो.

अभ्यासाच्या ताणानं त्याची झोप उडाली होती. कॉलेजातल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, "स्वतःशी बोलत जा. मित्राला धीर देतोस तसं, 'तू' म्हणून." यानं 'तू' तेवढं उचललं, धीर राहिला बाजूला. रोज रात्री मोठ्यानं स्वतःला फैलावर घ्यायचा. "मठ्ठ आहेस तू. तुझ्याच्यानं काही व्हायचं नाही. जा घरी!" आणि मधली भिंत प्लायवूडची.

एकदा मुनीनं दबकत विचारलं, "रात्री तुझ्या खोलीत कोण बोलतं रे?"

लोक वेडा म्हणतील, या लाजेनं आमचे शहाणे म्हणाले, "कुणी नाही. तुला भास होत असेल."

आठवड्यात मुनी गेला. याला आरशातही तोंड बघवेना.

तर त्या रात्री, किल्ली देऊन आल्यावर, तो मुनीच्या खुर्चीत बसला. हलकेच म्हणाला, "जमेल तुला."

प्लायपलीकडून उत्तर आलं. "मठ्ठ आहेस तू."

आवाज... याचा स्वतःचा.

"जा घरी."

शेवटी भिंतीला तोंड लावून तो रडतच म्हणाला, "मीच होतो रे तो. भास नव्हता. मला म्हणत होतो, तुला नाही... सांगायची लाज वाटली..."

पलीकडे... काही नाही.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज. भिंतीकडे. हळूहळू...

पण खुर्ची तर इकडे होती.

सकाळी रेक्टरांनी कुलूप काढलं. धुळीत पावलं फक्त भाच्याची, रात्रीची. प्लायवर मात्र, बसलेल्या माणसाच्या उंचीला, कान टेकल्याचा ठसा होता. ओला.

"ओल आली असेल," रेक्टर म्हणाले.

भाच्यानं हात लावून पाहिला. कोमट होता.